हक्क कुणाविरुद्ध? : चवदार तळ्याचा दावा आणि आपली राज्यघटना

महाडच्या चवदार तळ्याचा विषय निघाला की २० मार्च १९२७ हा दिवस सर्वांना आठवतो. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्राशन केले, हे शाळकरी मुलेही सांगतात. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले, हेही बहुतेकांना ठाऊक असते. मात्र या तळ्यावरून पुढे नऊ वर्षे आणि वर तीन महिने एक दिवाणी दावा चालला, तो महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी त्याचा अखेरचा निकाल लागला, ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. आपल्या राज्यघटनेतील मूलभूत हक्कांची काही कलमे अशीच का लिहिली गेली, हे समजून घ्यायचे तर त्या दाव्याचे कागद चाळल्यावाचून गत्यंतर नाही, असे मला अनेक वर्षे नागरिकशास्त्र शिकविताना वाटत आले आहे.

प्रश्न साधा आहे. मूलभूत हक्क हे कुणाविरुद्ध असतात? पाठ्यपुस्तकी उत्तर असे, की ते राज्यसंस्थेविरुद्ध असतात. सरकारने नागरिकावर अन्याय करू नये, म्हणून घटनेने सरकारचे हात बांधले आहेत. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. महाडला ज्यांनी पाणी अडवले, ते सरकार नव्हते.

सरकारचा ठराव आणि गावाची रीत

मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व चालविली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टकचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गास मोकळे असावेत, अशी ती शिफारस होती. पाठोपाठ सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना तसे हुकूम पाठविले. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता आणि १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली राहिला. त्यामुळे बोले ठराव जितका महाडचा, तितकाच आपल्या चिकोडी-खानापूरचाही होता. १९२५ साली निपाणीस मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, तिचे अध्यक्षपद आंबेडकरांनीच भूषविले होते. म्हणजे महाडच्या आधी दोन वर्षे हा विषय आपल्या दारापर्यंत येऊन गेला होता.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. सुरेंद्रनाथ टिपणीस तिचे अध्यक्ष होते. कायदा अनुकूल, सरकार अनुकूल, नगरपालिका अनुकूल. तरीही पुढची तीन वर्षे अस्पृश्य मानलेल्या एकाही माणसाला त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही. तळ्यावर शिपाई उभा नव्हता, पाटी लावलेली नव्हती. अडवणारे होते ते शेजारी. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे, ज्याच्या दुकानातून मीठ-मिरची आणायची आणि ज्याच्या रागाला भ्यायचे, तोच पाण्याच्या आड उभा होता.

१९२७ च्या मार्चमधील परिषदेनंतर लोक तळ्यावर जाऊन आले. मग हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. पाठोपाठ १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य सोडून आणि मंत्र म्हणून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. सार्वजनिक संस्थेने उघडलेले दार सार्वजनिक संस्थेनेच लावून घेतले, आणि तेही शेजाऱ्यांच्या दडपणाखाली.

तळे कोणाचे?

सत्याग्रहाची दुसरी परिषद डिसेंबरात भरणार हे जाहीर झाल्यावर विरोधकांनी लाठी खाली ठेवली आणि वकील गाठला. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या कोर्टात नरहरी दामोदर वैद्य व इतरांनी आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. तळे हे सार्वजनिक नसून खाजगी मालकीचे आहे, स्पृश्य हिंदूंनाच त्याच्या वापराचा अधिकार आहे, सबब प्रतिवादींना मनाई करावी, अशी मागणी होती. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

इथे आंबेडकरांपुढे मोठा पेच होता. हजारो लोक तळ्यावर जायच्या तयारीने जमले होते. कोर्टाचा हुकूम मोडावा तर सरकारशी सामना होणार, आणि आपला झगडा सरकारशी नाही, सनातन्यांशी आहे, हे ते सांगत आले होते. अखेर तळ्याचे पाणी न घेता केवळ मिरवणूक काढायची आणि लढाई कोर्टात लढायची, असे ठरले. या निर्णयाने अनेकजण हिरमुसले असतील. पण हक्क कुणाविरुद्ध मागायचा, याची इतकी स्वच्छ जाण त्या काळच्या राजकारणात क्वचितच दिसते.

तात्पुरती मनाई १९२८ च्या फेब्रुवारीत उठली. मूळ दावा १९३१ साली महाडच्या कोर्टाने फेटाळला. ठाण्याचे अपील १९३३ साली फेटाळले गेले. मग वादी उच्च न्यायालयात गेले. तेथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे सुनावणी झाली. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारेच.

तोवर वादींचा मालकीचा दावा टिकला नव्हता. तळे नगरपालिकेचे, हे खालच्या कोर्टांनी ठरवून टाकले होते. आता त्यांची सारी भिस्त रूढीवर होती. अनादि काळापासून आम्हीच हे पाणी वापरीत आलो आणि अस्पृश्यांना दूर ठेवीत आलो, ही वहिवाटच कायद्यासमान आहे, असा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. तळ्याभोवती स्पृश्यांची घरे उभी राहिली नव्हती, त्या काळी इतरांना दूर ठेवण्याचा कुणी प्रयत्न केला असेल, हेच संशयास्पद आहे, असा त्यामागचा तर्क होता. रूढी पुरातन असल्याचे शाबीत झाले नाही म्हणून अपील फेटाळले गेले. तळे सर्वांचे ठरले.

एक राहून गेलेला प्रश्न

विजय झाला, यात शंका नाही. पण निकाल बारकाईने वाचणाऱ्याला त्यात एक जागा मोकळी राहिलेली दिसते. रूढी शाबीत झाली नाही, म्हणून वादी हरले. समजा, ती शाबीत झाली असती तर? दोनशे वर्षांचे कागद आणि साक्षीदार त्यांनी आणले असते तर? तर ती रूढी गैरवाजवी किंवा कायद्याविरुद्ध आहे काय, याचा विचार कदाचित करावा लागला असता, एवढेच न्यायालयाने म्हटले आणि तो विचार करण्याची गरज पडली नाही, म्हणून विषय तेथेच थांबविला. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवणे हेच मुळात अन्यायाचे आहे, असे त्या निकालात कोठेही नाही. न्यायाधीशांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या हाती तसे सांगणारा कायदाच नव्हता.

याचा अर्थ असा, की १९३७ साली माणसाचा पाण्यावरचा हक्क पुराव्याच्या जमाखर्चावर अवलंबून होता. दुसऱ्या गावी, दुसऱ्या तळ्यावर, अधिक जुना कागद निघाला असता तर निकाल उलटही लागू शकला असता. ही मोकळी जागा भरायची संधी दहा वर्षांनी आली, आणि ती भरणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष या दाव्यातील प्रतिवादीच होते.

वाक्यातला कर्ता

जगात तोवर मूलभूत हक्कांच्या ज्या सनदा लिहिल्या गेल्या, त्या बहुतेक राजाविरुद्ध किंवा सरकारविरुद्ध होत्या. अमेरिकेचा अनुभव तर बोलका होता. यादवी युद्धानंतर तेथे घटनादुरुस्ती होऊन कृष्णवर्णीयांना समान संरक्षण मिळाले. १८७५ साली खाणावळी, वाहने आणि नाटकगृहे सर्वांना खुली करणारा कायदाही झाला. पण १८८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खाणावळीच्या मालकाला नाही, असे त्याचे म्हणणे पडले. एका न्यायाधीशाने तेवढा विरोध नोंदविला. खाणावळींची दारे कायद्याने उघडायला मग १९६४ साल उजाडावे लागले. मध्ये ८१ वर्षे गेली.

आंबेडकरांना हा धोका आधीच दिसला होता. मार्च १९४७ मध्ये त्यांनी घटना समितीसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविण्याची मागणी आहे. केवळ सरकारला दूर ठेवले की माणूस स्वतंत्र होतो, हा समज भाबडा आहे, सरकार दूर झाले की गरिबावर मालकाची सत्ता चालते, असा त्यांचा मुद्दा होता.

आता घटनेची कलमे व्याकरणाच्या तासाला वाचावीत तशी वाचून पाहू. मी मुलांना हा प्रयोग करायला लावतो. प्रत्येक वाक्यातला कर्ता शोधा, असे सांगतो. कलम १४ मध्ये कर्ता आहे ‘राज्य’. राज्य कुणालाही समानता नाकारणार नाही. कलम १५ च्या पहिल्या पोटकलमातही ‘राज्य’च आहे. पण दुसऱ्या पोटकलमाकडे या, तेथून ‘राज्य’ हा शब्द कर्त्याच्या जागेवरून नाहीसा झालेला दिसेल. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश करण्यास, तसेच सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा लोकांसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते वापरण्यास आडकाठी होणार नाही. कुणाकडून होणार नाही? कुणाकडूनच नाही. त्या यादीतला ‘तलाव’ हा शब्द वाचताना महाड आठवल्यावाचून राहत नाही.

कलम १७ मध्येही असेच. अस्पृश्यता नष्ट झाली, तिचे कोणत्याही रूपातले आचरण निषिद्ध झाले आणि तो गुन्हा ठरला. तिथे सरकार, नगरपालिका, गावकरी, दुकानदार असा कोणताच भेद नाही. वेठबिगारीविरुद्धचे कलम २३ आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात व धोक्याच्या कामावर लावण्यास बंदी करणारे कलम २४ याच जातीची आहेत. आणि १९३७ ची मोकळी जागा? ती कलम १३ ने भरली. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे रद्द ठरविताना ‘कायदा’ या शब्दात कायद्याचे बळ असलेल्या रूढी आणि वहिवाटी यांचाही समावेश केला गेला. आता कितीही जुना कागद आणला, तरी त्याचा उपयोग नाही.

कलम १५ आणि १७ यांना घटना समितीने एकाच दिवशी, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजुरी दिली. त्या चर्चेत ‘दुकान’ म्हणजे काय, असा प्रश्न निघाला. आंबेडकरांचे उत्तर मार्मिक होते. जो कोणी येईल त्याला सेवा द्यायला मालक जेथे तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान, इतका व्यापक अर्थ त्यांनी सांगितला. न्हाव्याचे दुकान, परटाचे दुकान, फार काय, डॉक्टर-वकिलाची जागाही त्या अर्थात बसते. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच व्यापक अर्थ घेऊन खाजगी शिक्षणसंस्थांनाही त्या पोटकलमात आणले. घटना समितीतल्या एका शब्दाच्या चर्चेला ६३ वर्षांनी असे फळ आले.

न्यायालयांची वाट

बाकीच्या हक्कांचे काय? कलम १९ आणि २१ मध्ये कर्ता स्पष्ट नाही, पण संदर्भ सरकारचा दिसतो. १९५१ च्या अखेरीस एका बँकेच्या भागधारकाची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे आली. बँकेने आपले भाग विकून आपल्या मालमत्तेच्या हक्कावर घाला घातला, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले, की हा हक्क सरकारविरुद्ध आहे, खाजगी व्यक्तीने किंवा संस्थेने नुकसान केले तर नेहमीच्या कायद्याने नेहमीच्या कोर्टात जावे. हे धोरण अनेक वर्षे टिकले. त्यात शहाणपणही आहे. प्रत्येक भाऊबंदकी घटनेचा प्रश्न बनली, तर न्यायालयांना दुसरे काही सुचणार नाही.

पण कलम १७, २३ आणि २४ यांची गोष्ट वेगळी आहे, हे १९८२ साली ठळकपणे पुढे आले. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू होती. कंत्राटदार खाजगी, मजूर दूरदूरच्या प्रांतांतले. रोजची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे, पण ती जमादाराच्या हातून जाई आणि तो दर माणशी एक रुपया दस्तुरी म्हणून ठेवून घेई. एका नागरी हक्क संघटनेचे पत्र न्यायमूर्ती भगवती यांच्याकडे गेले आणि त्याचाच अर्ज झाला. न्यायालयाने निर्णय दिला, की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे ही कलम २३ मधील वेठबिगारीच आहे, आणि हे हक्क साऱ्या जगाविरुद्ध आहेत. त्यापुढचे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. खाजगी माणूस असा हक्क तुडवीत असेल, तेव्हा त्याला आवरणे हे सरकारचे घटनात्मक कर्तव्य आहे. ‘हे आम्ही केले नाही’ असे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

कायद्याची बाजू अशी भक्कम झाली. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा १९७६ मध्ये अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. तरी १९९२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जे प्रकरण होते, ते आपल्याच कर्नाटकातल्या एका खेड्याचे होते. गावात नवी कूपनलिका खोदली गेली आणि तिचे पाणी भरण्यास दलितांना धाकदपटशाने अडविण्यात आले. खालच्या दोन कोर्टांनी आरोपींना दोषी धरले, उच्च न्यायालयाने सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोषी ठरविले. महाडनंतर ६५ वर्षे झाली होती. आडाची जागा कूपनलिकेने घेतली, पण अडवणारा हात तोच राहिला. फरक एवढाच, की या वेळी कुणाला पुरातन रूढीचा दाखला देता आला नाही. हा फरक लहान नव्हे.

उलट बाजूही नोंदविली पाहिजे. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा तो नियम होता. घर हे ‘दुकान’ नाही. कलम १५ ची यादी घराच्या उंबरठ्यापाशी थांबते. आणि ३ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने असे ठरविले, की कलम १९ आणि २१ खालील हक्कही सरकारशिवाय इतरांविरुद्ध बजावता येतील. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी याला असहमती दर्शविली. खाजगी तंट्यांसाठी नेहमीचे कायदे आहेत, तेच वापरावेत, अशी त्यांची भूमिका होती. १९५१ साली मिटल्यासारखा वाटलेला वाद असा पुन्हा उघडला आहे, आणि बहुमताचा हा निर्णय व्यवहारात कुठवर न्यायचा, हे पुढची प्रकरणे ठरवतील.

आपल्यापुरते

आपण दोन भाषांच्या जिल्ह्यात राहणारी माणसे. मराठीत ज्याला आपण ‘मूलभूत हक्क’ म्हणतो, त्याला शेजारच्या कानडी शाळेतला मुलगा ‘मूलभूत हक्कुगळु’ म्हणतो. ‘हक्क’ हा अरबी शब्द दोन्ही भाषांनी सारख्याच आपलेपणाने घेतला आहे. पण आपल्या घरांत हा शब्द निघतो, तेव्हा तो बहुधा सरकारकडे तोंड करूनच निघतो. मराठी शाळा, मराठीतून कागदपत्रे, अल्पसंख्याकांना भाषा जपण्याची घटनेने दिलेली हमी. हे मागणे रास्त आहे, ते सोडावे असे मी मुळीच म्हणणार नाही.

पण पिढ्यान्‌पिढ्या मागणाऱ्याच्या जागी उभे राहिलेल्या माणसाला एक सवय जडते. आपल्याकडेही कुणी काही मागत असेल, हे त्याच्या ध्यानात येत नाही. मोकळी खोली भाड्याने द्यायची वेळ येते, तेव्हा भाडे सांगण्यापूर्वी आडनाव विचारले जाते. चहाच्या टपरीवर कुणासाठी कप वेगळा ठेवला जात असेल, तर तो १९५५ पासून गुन्हा आहे, हे ठाऊक असलेले लोकही तेथेच उभे राहून चहा घेतात. खोलीचे प्रकरण कलम १५ च्या यादीत बसत नाही, कपाचे गुन्ह्यात बसते. दोन्हीकडे अडवणारा मात्र सरकारी नोकर नसतो.

महाडच्या दाव्याने आपल्याला हेच शिकविले. १९२३ ला ठराव झाला, १९२४ ला तळे उघडले आणि १९२७ ला पाणी पिणाऱ्यांची डोकी फुटली, कारण अधेमधे शेजारी होता. म्हणून घटनाकारांनी काही कलमांतून ‘राज्य’ हा कर्ता जाणूनबुजून काढला आणि ती जागा मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागी वाचणाऱ्याने आपले नाव घालून वाक्य पुन्हा वाचावे, अशी माझी विनंती आहे. सरकारविरुद्धचा हक्क मिळवायला न्यायालय आहे, वर्तमानपत्र आहे, मोर्चा आहे. शेजाऱ्याविरुद्धचा हक्क मात्र शेजारी स्वतःहून देईल तेव्हाच तो खरा हाती पडतो. आणि तो शेजारी म्हणजे कधी ना कधी आपणच असतो.